तलवारीचं वय

२ फेब्रुवारी

हवा कोरडी. काल सगळ्या पात्यांना तेलाचा हात दिला.

ही वही अध्यक्षसाहेबांच्या सांगण्यावरून सुरू करतो आहे. जुन्या लष्करी शस्त्रांच्या संग्राहक मंडळात मी तात्पुरता सभासद झालो तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, की खऱ्या संग्राहकाने रोज नोंद ठेवावी. खोलीतली हवा कशी होती, तेल कधी दिलं, कोणती वस्तू कुठून कुठे हलवली. एकोणिसाव्या शतकातला सैनिक रोज आपलं शस्त्र तपासत असे, आपण निदान लिहून तरी काढावं. अध्यक्षसाहेबांचं बोलणं असं असतं. ऐकताना वाटतं, माणूस आत्ताच घोड्यावरून उतरला. प्रत्यक्षात त्यांचं फरशांचं दुकान आहे.

बायकोने वही पाहून विचारलं, "हे काय, घरखर्च लिहिणार आता?"

"संग्रहाची दैनंदिनी आहे ही."

"मग त्यात लिहा, मोरीतला नळ गळतोय."

मोरीतला नळ गळतोय.

बँकेत माझी सारी नोकरी लॉकर विभागात गेली. लोक यायचे, मी माझी किल्ली लावायचो, ते त्यांची लावायचे, आणि मी पाठ करून उभा राहायचो. आत काय आहे ते पाहायचं नाही, हा नियम. जन्मभर दुसऱ्यांच्या ठेव्याला पाठ दाखवल्यावर माणसाला वाटणारच, की आपलंही काहीतरी असावं, ज्याच्याकडे तोंड करून उभं राहता येईल. बायको म्हणते, तोंड करून उभंच राहायचं असेल तर ओट्यापाशी राहा.

५ फेब्रुवारी

हवा कोरडी.

संग्रह मुलीच्या खोलीत आहे. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली आणि खोली रिकामी झाली. रिकामी खोली आणि निवृत्त माणूस एका घरात असले की व्हायचं ते होतंच. तिच्या कपड्यांच्या कपाटात आता काडतुसांच्या चामडी पेट्या आहेत, पुस्तकांच्या फळीवर संगिनी, खिडकीशी काचेचं भलंमोठं कपाट आणि अभ्यासाच्या टेबलावर पितळी शिरस्त्राण. त्याच्या टोकाला अर्धवट झडलेला लाल तुरा आहे. बायको त्याला कोंबडा म्हणते. पलंग तेवढा जागच्या जागी आहे, पण त्यावर सध्या चामड्याचे कमरपट्टे वाळत घातले आहेत.

संग्रहाचा राजा म्हणजे घोडदळातल्या अंमलदाराची वाकडी तलवार. दीडशे वर्षांची तरी असेल. पातं काळसर, मूठ चहाच्या रंगाची. नवखा माणूस म्हणेल, घासा हिला. तिथेच जाणता आणि अडाणी कळतो! दीडशे वर्षं हवा, हात आणि घाम लागून पोलादावर जो थर चढतो, त्याला आमच्या मंडळात तलवारीचं 'वय' म्हणतात. एकदा घासलं की गेलं, पुन्हा येत नाही. मंडळाचा पहिला नियमच आहे, वय पुसायचं नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बायकांचं पुसू नये हे ठाऊक होतं. तलवारीही लाजतात का?"

अध्यक्षसाहेबांनी ही तलवार दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. मग म्हणाले, "हिला काहीही करू नका. काहीही. अशी न घासलेली मी फार वर्षांनी पाहतोय." पुढच्या महिन्यात मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आहे. तात्पुरत्या सभासदाने तिथे एकच वस्तू मांडायची. ज्येष्ठांच्या पसंतीला उतरली तर कायम सभासदत्व आणि छातीवर लावायला बिल्ला. नाही उतरली तर रामराम. बँकेत कायम होताना जेवढी धाकधूक झाली नव्हती, तेवढी आता होते आहे.

८ फेब्रुवारी

मुलीचा फोन आला. थोडे दिवस राहायला येते म्हणाली. किती दिवस, असं विचारलं तर "बघू" म्हणाली. प्रदर्शन महिन्यावर असताना इतक्या आधी येते आहे, म्हणजे पोरीला अखेर माझ्या छंदात रस वाटू लागला. जावईबापू येत नाहीत, रजा मिळत नसावी. बायको तिच्याशी स्वयंपाकघराचं दार लावून बराच वेळ बोलत होती. मायलेकींच्या गप्पा कधी संपायच्या नाहीत.

पलंगावरचे कमरपट्टे काढले. ठेवावेत कुठे हा प्रश्न आहे.

११ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण मान दुखते.

बायको मुलीला आणायला स्टेशनवर गेली होती. घरात कोणी नाही म्हटल्यावर शिरस्त्राण डोक्यावर बसतं का ते पाहिलं. संग्राहकाने वस्तू अंगावर घालू नये असा नियम आहे, पण नियमाला डोळे नसतात. बसलं. हनुवटीखालची पितळी साखळी अडकवली, तीही बसली. मग निघेना. आकडा गंजलेला. आरशासमोर पुढून ओढलं, मागून ओढलं, एवढ्यात बेल वाजली. विजेचा मीटर वाचणारा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, "नंतर येतो" म्हणाला आणि काहीही न वाचता जिना उतरला.

पुन्हा बेल वाजली. या वेळी मायलेकी होत्या.

मुलीने मला पाहिलं आणि हसत सुटली. भिंतीला टेकून पोट धरून हसली. हसता हसता तिला रडूच फुटलं. माझ्या छातीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. एवढं कौतुक मला अपेक्षित नव्हतं.  पाठीवर थोपटत म्हटलं, "अगं, हे तर काहीच नाही. अजून तलवार बघायची आहे तुला."

बायको म्हणाली, "तुम्ही आधी तो कोंबडा उतरवा."

शिलाई मशीनचं तेल घातल्यावर साखळी सुटली. मुलीने बॅगा मात्र उदंड आणल्या आहेत. गरम कपडे, भिंतीवरचं घड्याळ, कॉलेजचे फोटो, शिवाय मिक्सर. थोड्या दिवसांसाठी मिक्सर! आमचा बिघडलाय हे आईकडून कळलं असणार. गुणाची पोर.

१४ फेब्रुवारी

हवा दमट. काळजीचं कारण आहे.

खोलीत ओलावा मोजायचं यंत्र टांगलेलं आहे. मुलगी आल्यापासून रोज सकाळी त्याचा काटा पुढे सरकलेला असतो. आज शोध लावला. ती दार-खिडकी लावून घेते, आणि तिची उशी हाताला चक्क ओली लागली. केस धुऊन तशीच झोपत असणार. मी प्रेमानेच सांगितलं, "बाळ, ओल्या केसांनी झोपू नये. तुला सर्दी होईल आणि संगिनींना गंज चढेल." ती "बरं बाबा" म्हणाली. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उगाच अंगावरचा सदरा ठीकठाक केला.

दिवसभर झोपूनच असते. जेवणही चिमणीएवढं. जागा बदलली की माणसाला सुस्ती येते.

१७ फेब्रुवारी

हवा जरा बरी.

मुलीला संग्रह नीट समजावून द्यायला घेतला. ती पलंगावर गुडघे जवळ घेऊन बसली होती आणि नको म्हणाली नाही, म्हणजे आवड आहे. काडतुसांची पेटी कमरेला कशी लावत, संगीन बंदुकीच्या टोकाला कशी बसवत, सगळं दाखवलं. मग म्यानांकडे आलो. प्रत्येक तलवारीचं म्यान तिच्या मापाचं असतं, दुसरीचं चालत नाही, हे पटवण्यासाठी मी एका म्यानात दुसरी तलवार घालून दाखवली. अर्थात अडली. म्हटलं, "उगाच नाही म्हणत, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

ती उठली आणि बाहेर गेली. मोरीत बराच वेळ नळ सोडलेला ऐकू येत होता. म्यानांचा विषय सर्वांनाच रुचतो असं नाही. उद्या बिगुलापासून सुरुवात करावी.

२० फेब्रुवारी

हवा दमट.

जावईबापूंना मी वर्षभर नेमाने संग्रहाचे फोटो पाठवत आलो आहे. पूर्वी उत्तरादाखल निदान उंचावलेला अंगठा यायचा, हल्ली अंगठाही येत नाही. कामाच्या रगाड्यात असतील. त्यांच्या वाढदिवसाला एक संगीन भेट द्यावी असं मनात आहे. बायकोजवळ विषय काढला.

ती म्हणाली, "त्यांना आता फोटो पाठवू नका."

"का? आवडत नाहीत का?"

"नका पाठवू म्हटलं ना."

"निदान संगीन तरी..."

"संगीन माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "मी स्वतः नेऊन देते."

माझ्या छंदात तिने एवढा उत्साह कधी दाखवला नव्हता.

२२ फेब्रुवारी

आज हवा पाहिली नाही.

बायकोने मला गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं आणि सांगितलं. मुलगी थोड्या दिवसांसाठी आलेली नाही. जावईबापूंचं दुसरीकडे सूत जुळलं आहे, आणि ते आज-काल नव्हे, गेलं वर्षभर. त्याच वर्षभर मी त्यांना तलवारीचे फोटो पाठवत होतो आणि ते अंगठा उंचावत होते.

"मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तिनेच नको म्हटलं होतं. बाबांना त्रास होईल म्हणाली. आणि सांगायला कशाला हवं? एवढ्या बॅगा दिसल्या नाहीत? मिक्सर दिसला नाही? उशी तर हाताने चाचपून आलात!"

दिसलं सगळं होतं. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो नेमका कोणावर काढावा ते कळेना. दुपारी घोडदळाची तलवार हातात घेऊन जावईबापूंचा विचार करत खोलीबाहेर उभा राहिलो. पण तिला धार नाही. लोणी कापायचं म्हटलं तरी दोनदा फिरवावी लागेल. शिवाय एवढी लांब वस्तू बसमध्ये कुठे ठेवणार, आणि कंडक्टरला काय सांगणार? ठेवून दिली.

यापुढे या वहीत 'जावईबापू' लिहिणार नाही. 'तो' लिहीन. 'तो'सुद्धा फार झालं.

२६ फेब्रुवारी

हवेची नोंद नाही.

मुलीला मला कळलं आहे हे कळलं आहे, पण ती बोलत नाही आणि मला विचारता येत नाही. एकमेकांसमोरून जाताना आम्ही दोघं फार नम्रपणे बाजूला होतो, सरकारी कचेरीत असल्यासारखे. तिने अंथरूण धरलं आहे. कंगवा नाही, फोन नाही, खाणं नावाला. बायको तिच्याशी बोलून बोलून थकली. आज मी हिंमत करून पलंगाच्या कडेला बसलो आणि मला जे येतं ते सांगितलं. म्हटलं, "हे बघ, माघार म्हणजे पराभव नव्हे. मोठमोठी सैन्यं मागे हटायची, तळावर यायची, बूट दुरुस्त करायची..."

"बाबा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी सैन्य नाहीये."

खरं आहे. मी उठलो. या वयात आपल्याला पोरीशी बोलता येऊ नये, याची लाज वाटली.

१ मार्च

काय झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी मंडळाच्या बैठकीला गेलो होतो. प्रदर्शनातली टेबलं कोणाला कुठली, हे ठरलं. दातांचे डॉक्टर फक्त बिगुल जमवतात (एकही वाजवत नाहीत, तोंडाला लावणं अस्वच्छ असतं म्हणतात). त्यांनी दाराजवळचं टेबल मागितलं. बटणवाले, म्हणजे गणवेशाची फक्त बटणं जमवणारे, त्यांना उजेडाची जागा हवी होती. अध्यक्षसाहेबांनी सर्वांदेखत सांगितलं, "मधलं टेबल यंदा यांच्या तलवारीला." घरी येताना माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

दार उघडलं तर घरात रेडिओ चालू. मुलीच्या खोलीतून गुणगुण ऐकू येत होती. आत गेलो. ती जमिनीवर फतकल मारून बसली होती, केस वर बांधलेले, बाह्या सरसावलेल्या. भोवती लिंबाच्या फोडी, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी आणि काळ्याकुट्ट झालेल्या चिंध्या. मांडीवर माझी तलवार. नव्या पळीसारखी लखलखत होती.

"बाबा, बघा!" ती म्हणाली. "केवढी काळी पडली होती हो! तुमचं लक्षच नव्हतं. सकाळपासून बसलेय, हात दुखले, पण निघालं सगळं. मुठीचा तो चहाचा रंग पण घालवला." आणि हसली. आली त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. गालाला काळं लागलं होतं.

मागे वळलो तर दारात बायको उभी. ती नुकतीच बाजारातून आली असावी, पिशवी अजून हातात होती. वर्षभर माझ्या तोंडून 'वय पुसायचं नाही' ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं आहे. तिने पिशवी छातीशी धरली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी मुलीकडे वळून म्हटलं, "वा! छान झाली की."

"खरंच?"

"अगदी. आता कशी तलवार दिसते."

मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिलो. दीडशे वर्षं त्या तलवारीला कोणी घासलं नव्हतं. युद्धं झाली, राज्यं गेली, आणि शेवटी ती माझ्या घरात येऊन तारेच्या घासणीखाली मेली. मी रडलो हे लिहायला हरकत नाही, ही माझी खाजगी वही आहे.

जेवताना मुलीने दोनदा वाढून घेतलं.

४ मार्च

प्रदर्शनात दुसरी तलवार न्यावी असा बेत केला होता. पायदळाची आहे, साधीच आहे, पण वय शाबूत आहे. म्यानात घालून कापडात गुंडाळत होतो, तेवढ्यात मुलगी दारात आली. "ही नाही हो बाबा, ती न्यायची ना? मी येणार आहे बघायला. आईला साडी काढायला सांगितलीये." तिने स्वतःसाठी ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. आल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही. फिजिओथेरपिस्ट आहे, दुसऱ्यांना चालायला शिकवते, आणि स्वतः जिन्यापर्यंत जात नव्हती.

मी पायदळाची तलवार परत ठेवली.

बायको स्वयंपाकघरात कुजबुजली, "मी सांगू का तिला समजावून? ती काही लहान नाही."

"खबरदार," मी म्हटलं.

 तिने माझ्या चहात जास्तीची साखर घातली. डॉक्टरांनी बंद केलेली, ती.

९ मार्च

प्रदर्शन झालं.

वाचनालयाच्या सभागृहात टेबलं मांडली होती. सगळीकडे काळं, तपकिरी, करडं, आणि मधोमध माझी तलवार दिव्यासारखी. उद्घाटनाला अध्यक्षसाहेब उशिरा आले, तोवर लोक आत शिरले होते. लोकांना काय कळतं! जो तो थेट मधल्या टेबलाकडे. पोरं तलवारीत तोंड बघत होती. एक बाई विचारत होत्या, ही नवी कुठे मिळते. मुलगी बाजूला उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "आधी फार काळी होती." मी तिला आईबरोबर चहा घ्यायला पिटाळलं, कारण दारातून पांढरे हातमोजे घातलेले अध्यक्षसाहेब येताना दिसले.

ते थबकले. जवळ आले. वाकले. "वय," ते म्हणाले. "वय कुठे गेलं?"

दातांचे डॉक्टर धावत आले आणि त्यांनी स्वतःचा गाल धरला. बटणवाल्यांनी खिशातलं भिंग काढून पात्यावरून फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "तारेची घासणी." खून कशाने झाला ते डॉक्टर सांगतात तशा सुरात.

"कोणी केलं हे?" अध्यक्षसाहेबांचा आवाज सभागृहभर गेला.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही? मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं! तुम्ही?"

"हो. मला चकचकीत आवडतं." एकदा सुरुवात केली की माणूस थांबत नाही. "लिंबूही लावलं," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंनी."

बटणवाले खुर्चीत बसले.

तलवार पांढऱ्या कापडात गुंडाळून टेबलावरून उचलण्यात आली. सर्व सभासद रांगेने बाजूला झाले. माझं तात्पुरतं सभासदत्वही तिथल्या तिथे रद्द. मी 'ठीक आहे' म्हणून मागे वळलो तर दोन हात अंतरावर मायलेकी उभ्या, हातात चहाचे कप. कधी आल्या होत्या कोणास ठाऊक.

"तलवार कुठे गेली, बाबा?" मुलीने विचारलं.

"गर्दी फार झाली. बोटं लागायला लागली. आत ठेवलीये."

"आणि बक्षीस?"

"ते घरी पाठवतात."

ती 'बरं' म्हणाली. येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मला धास्ती वाटली, पुन्हा अंथरूण धरते की काय. तिथला चहा पाणचट होता, त्यानेही डोकं दुखलं असेल.

१० मार्च

सकाळी खोलीत डोकावलो तर पलंग रिकामा. मोरीत नाही, गॅलरीत नाही, फोन इथेच. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. बायकोला हाक मारली तर ती शांतपणे भाजी निवडत होती. "बाहेर गेलीये. येईल."

आली. दमलेली होती, नाकाचा शेंडा लाल. कुठे गेली होतीस विचारलं तर "फरशा बघायला" म्हणाली. मला काही उलगडा होईना. आम्हाला फरशा कशाला?

संध्याकाळी बेल वाजली आणि दारात साक्षात अध्यक्षसाहेब. मी त्यांना बसवलं. बायकोने चहा-बिस्किटं आणली. मुलगी आपल्या खोलीत होती, दार अर्धवट लोटलेलं.

"तुमची कन्या दुकानात आली होती," ते म्हणाले. "सर्व गिऱ्हाइकांदेखत मला म्हणाली, तलवार मी घासली, बाबांनी नाही. बाबांना परत घ्या. मी म्हटलं, बाई, बसा. तर बसायला तयार नाही."

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. 

"आता अपराध बाहेरच्या व्यक्तीचा असेल तर नियम निराळा आहे," अध्यक्षसाहेब पुढे म्हणाले. "ज्येष्ठांशी बोललो. तुमच्याकडची पायदळाची तलवार मी पाहिली आहे, तिचं वय उत्तम आहे. तिच्यावर तुम्हाला कायम करून घेता येईल. फक्त एक हमी द्या. संग्रहाच्या खोलीला कुलूप लावायचं. किल्ली तुमच्याकडे. घरच्यांना मज्जाव. विशेषतः..." आणि त्यांनी अर्धवट लोटलेल्या दाराकडे हनुवटी केली.

मग त्यांनी खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पितळी होता, मध्ये दोन तलवारी, भोवती मंडळाचं नाव. फार सुरेख. माझा हात पुढे झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. झाला. अर्ध्यावर गेल्यावर मी तो बिस्किटाच्या बशीकडे वळवला.

"अध्यक्षसाहेब," मी म्हटलं, "तुमची काहीतरी गफलत होते आहे. ती संग्रहाची खोली नाही. ती माझ्या मुलीची खोली आहे. तिथली कायम सभासद ती. तात्पुरत्या काय त्या तलवारी."

"विचार करा," ते म्हणाले. "अशी संधी पुन्हा येत नाही."

"बिस्किट घ्या," मी म्हटलं.

त्यांनी घेतलं नाही. बिल्ला खिशात टाकला आणि उठले. बायको दारापर्यंत सोडायला गेली. तिचा आवाज ऐकू आला, "जपून हं, उंबऱ्यापाशी फरशी फुटलीये. तुमच्याच दुकानातली आहे."

मुलगी खोलीतून बाहेर आली आणि समोरच्या खुर्चीत, अध्यक्षसाहेब बसले होते तिथेच बसली. डोळे पुसले. "बाबा, मी वाट लावली तुमच्या तलवारीची. तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

 जे होतं ते सांगितलं. "त्या दिवशी तू दोनदा वाढून घेतलंस."

 मग, आल्यापासून आज पहिल्यांदा, तिने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं, "बाबा, मी परत जाणार नाहीये तिकडे."

"मग तो पलंग खिडकीशी घ्यायला हवा," मी म्हटलं. "तिथे वारा येतो."

खिडकीशी काचेचं कपाट आहे, तेव्हा आधी ते हलवणं आलं. आम्ही तिघं लागलो. बायकोने पदर खोचला आणि "आधी ते भोसकायचं सामान बाहेर काढा, कुणाच्या तरी पायात घुसेल" म्हणून आरडाओरडा केला. मुलगी मला सांगत होती, "कमरेतून वाकू नका बाबा, गुडघ्यातून वाका," अगदी दवाखान्यातल्या आवाजात. पलंग खिडकीशी गेला. कपाट मात्र दारातून बाहेर काढताना मध्येच अडकलं. ते पुढे जाईना आणि मागे येईना. तिच्या खोलीचं दार आता लागत नाही, आणि आतबाहेर करायचं तर आडवं होऊन सरकावं लागतं. बायको दोनदा सरकली आणि दोन्ही वेळा माझ्या नावाने काहीबाही बोलली.

सुताराला फोन केला. त्याने विचारलं, तातडीचं आहे का. आतून मायलेकींचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, मिक्सर कुठे ठेवायचा यावरून वाद चालला होता. मी त्याला म्हटलं, सवडीने या.